पाच अँपियरचा उजेड

आमच्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल. धसईच्या बचत गटात मी एलईडी बल्ब जोडायला शिकले, तेव्हा शिकवायला येणाऱ्या बाईंनी हा घोळ निस्तरायचा पुष्कळ प्रयत्न केला. पण आम्ही बारा जणी होतो आणि त्या एकट्या. महिन्याभरात त्याही बॅटरीच म्हणायला लागल्या. म्हणून इथेही बॅटरी म्हणजे हातात धरायची ती, आणि सेल म्हणजे तिच्या पोटात घालायचा तो.

ही बॅटरी सासऱ्यांनी शहापूरच्या बाजारातून आणली. काळी, ॲल्युमिनियमची, वीतभर लांब. त्या संध्याकाळी ते कामावरून आले, चपला काढल्या, आणि घरात न जाता मी ओट्यावर बसले होते तिथे येऊन त्यांनी ती माझ्या मांडीवर ठेवली.

"बग गो जरा. उजेड कमी पाडतंय."

मी ती चालू करून पाहिली. अंगणापलीकडच्या कुड्याचं पान न् पान दिसत होतं.

"चांगली तर हाय," मी म्हणाले.

"मला नाय पुरत. त्या वाटेला नाय पुरत. तू शिकलीस ना यातला? मंग कर काय तरी."

एवढं बोलून ते हातपाय धुवायला मागच्या अंगाला गेले. ‘चांगली तर हाय’ हे मी त्या दिवशी उच्चारलेलं पहिलं वाक्य होतं, आणि दिवस तर मावळला होता.

मी मूळची अशी नव्हे. मूळची मी चांगली तोंडाळ आहे. माहेरी आई धसईच्या बाजारात भाजी घेऊन बसायची आणि गिऱ्हाईक फारच ताणायला लागलं की मला पुढे करायची. लग्न होऊन उंबरमाळीच्या या बौद्धवाड्यात आले, तर आठवड्याच्या आत पाण्याच्या नळावरून वरच्या आळीतल्या दोघींशी कडाकडा भांडून घरी आले. आता इथे काय ऐकावं लागतंय या भीतीने दारात उभी राहिले. सासूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. सासरे म्हणाले, "चला, घरात एक तरी बोलणारा मानूस आला." ते खरंच होतं. ते स्वतः, सासूबाई आणि माझा नवरा, तिघंही मुखदुर्बळ. तिघं जेवायला बसली की फक्त ताटांचा आवाज. मी आल्यापासून घरात आवाज आला, आणि तो त्यांना आवडला होता, हे मला कळायचं.

मग मला दिवस गेले, आणि सहाव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. पावसाळ्याचे दिवस होते. कोणाची चूक नाही, असं होतं कधीकधी, असं डॉक्टरांनी सांगितलं. माझ्यासारखीला तेच जड गेलं. चूक कोणाची तरी असती तर मी भांडले असते. भांडायला कोणीच नव्हतं, तेव्हा मी बोलायचीच थांबले. घरातली तिघंही आधीच न बोलणारी. बाळाचं नाव कोणी काढलं नाही. नवरा भिवंडीच्या गोदामात कामाला, रविवारी घरी यायचा, माझ्या शेजारी बसायचा आणि सोमवारी पहाटे निघून जायचा. माझी सोल्डरगन, मीटर, पक्कड, सगळं एका पिशवीत भरून खाटेखाली सरकवलेलं होतं. चार महिने त्या पिशवीला मी हात लावला नव्हता.

सासऱ्यांना मी बाबा म्हणते. बाबा वाशिंदच्या एका कारखान्यात वॉचमन आहेत. दिवसपाळी सहाला सुटते. उंबरमाळीला गाडीतून उतरलं की आमच्या वाड्यापर्यंत चाळीस मिनिटांची पायवाट, सगळी रानातून. मध्ये ओहोळ, ओहोळावर सागाचे दोन ओंडके टाकून केलेला साकव, पुढे कातळाची उतरण, आणि मग वळण. वळणावरून आमचं अंगण दिसतं आणि अंगणातून वळण. थंडीत सहा-साडेसहालाच अंधार पडतो. कातळावर फुरशी असतात, लहान विषारी साप, दगडाच्याच रंगाचे; पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. साठीला आलेला माणूस रोज त्या वाटेने अंधारात येतो हे मला लग्नापासून माहीत होतं. पण मांडीवर ती बॅटरी घेऊन बसले तेव्हा प्रथमच वाटलं, यांना काही झालं तर? घरातून आणखी कोणी जायला नको होतं मला. त्या भीतीनेच बहुतेक, दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाटेखालची पिशवी ओढली.

बॅटरीचं तोंड पिळून उघडलं. आत काच, काचेमागे चकचकीत वाटी, वाटीच्या मधोमध पिवळी एलईडी, आणि तिच्या खाली रुपयाएवढं गोल सर्किट. मीटर लावून पाहिला. सव्वा अँपियर. मला हसूच आलं. त्या जातीची एलईडी पाच अँपियर आरामात खाते. सहा भाकऱ्या खाणाऱ्या पाहुण्याला दीड भाकरी वाढावी आणि त्यानेही भिडेखातर पोट भरलं म्हणावं, असा प्रकार चालला होता.

बनवणारे असं का करतात, तेही मला माहीत होतं. करंट कमी ठेवला की सेल जास्त वेळ पुरतो आणि बॅटरी तापत नाही. बाईंनी हे आमच्याकडून घोकून घेतलं होतं. पण त्या सकाळी मला काहीतरी मोठं करून दाखवायचं होतं, आणि अशा वेळी घोकलेलं आठवत नाही. खरं सांगायचं तर मी आठवू दिलं नाही.

सर्किटवर तांदळाच्या कणीएवढा एक काळा तुकडा असतो, रेझिस्टर. त्याच्यातून किती करंट जातोय यावरून सर्किट स्वतःला आवरतं. त्या तुकड्याच्या डोक्यावर तसेच आणखी तुकडे बसवले की करंट त्यांच्यात वाटला जातो, सर्किटला वाटतं अजून थोडाच चाललाय, आणि ते आणखी सोडत राहतं. थोडक्यात, त्याला फसवायचं. बल्बच्या जुन्या पट्ट्यांवरून मी तसे तुकडे काढले. चार महिन्यांत हात पार बसले होते. चिमट्यातून तुकडा तीनदा उडाला. तिसऱ्यांदा तो शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडून दिसेनासा झाला, तेव्हा माझ्या तोंडून एक शब्द गेला, तो इथे लिहिण्यासारखा नाही. चुलीपाशी सासूबाई फुंकणी ओठाला लावून बसल्या होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, पण बराच वेळ फुंकरही मारली नाही.

एलईडीकडे जाणाऱ्या वायरी केसासारख्या होत्या. पाच अँपियर त्यांच्या बापाच्याने झेपले नसते. त्या काढून जळक्या मिक्सरच्या जाड तारा घातल्या. मग उष्णतेचा प्रश्न आला. एलईडीच्या पट्टीखाली पोकळी होती. ती तांब्याने भरली तर ऊब खाली बॅटरीच्या अंगात उतरते, नाहीतर एलईडी जागच्या जागी जळून जाते. तांबं कुठून आणायचं म्हणून मी इकडेतिकडे पाहत होते, तर सासूबाई उठल्या आणि पडवीतून त्यांच्या लग्नातली चिरलेली कळशी घेऊन आल्या. मी काही मागितलं नव्हतं.

"घे. पानी तर राहत नाय तिच्यात."

कळशीच्या बुडातून मी कातरीने तीन चकत्या कापल्या, पाट्यावर घासून सपाट केल्या आणि एकावर एक रचून पोकळीत बसवल्या. दुपार कधी झाली ते कळलं नाही.

संध्याकाळी, बाबा येण्याआधी, अंगणात उभी राहून मी बटण दाबलं. समोरच्या टेकडीवरचा साग बुंध्यासकट उजळला. वाड्यातली कुत्री भुंकायला लागली. शेजारच्या काकी "काय गो, गाडी आली का कोनाची?" म्हणत बाहेर आल्या. माझी छाती फुगली. आणि तेवढ्यात उजेड थरथरला, पिवळा पडला आणि गेला.

मागचं झाकण उघडलं तर भसकन ऊब आली. सेलला टेकलेली स्प्रिंग बारीक पोलादी तारेची होती. एवढा करंट तिच्यातून रेटल्यावर ती तापून मऊ पडली होती आणि दाबली गेली होती ती तशीच बसली होती. मी दुसरी स्प्रिंग घातली आणि तिच्या आतून तांब्याच्या बारीक तारांची वेणी नेऊन दोन्ही टोकांना सोल्डर केली. आता करंट वेणीतून जाणार, स्प्रिंगने फक्त दाबून धरायचं. बाबा आले तेव्हा हे सगळं माझ्या मांडीवर पसरलेलं होतं आणि घरभर सोल्डरचा धूर होता. ते दारातच थांबले आणि एक मोठा श्वास घेतला. चुलीवर काही चांगलं शिजत असलं की घेतात तसा.

बॅटरी तयार करून मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती टेकडीवर मारली, पण पाहत होते माझ्याकडे.

"बास," ते म्हणाले. "आता कसला काळोख."

तेव्हापासून आमच्या घराला एक नवीन सवय लागली. सात वाजून गेले की सासूबाई अंगणात दोन फेऱ्या मारायच्या. वळणावर उजेड फुटला की आत हाक द्यायच्या, "आला गो तुजा उजेड." बाबा आले असं नाही, तुझा उजेड आला. मी बाहेर येऊन पाहायची. झाडांमधून तो पांढरा झोत डावी-उजवीकडे हलत खाली उतरायचा, आणि मला आतून बरं वाटायचं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी माझ्या हातून नीट झालं होतं आणि ते जिवंत चालत घरी येत होतं.

बाबांनी बॅटरी दिली की मी सेल काढून चार्जरला लावायची. चार्जरचा दिवा आधी लाल असतो, सेल भरला की हिरवा होतो. पहिले तीन दिवस तो हिरवा व्हायला पार झोपायची वेळ उलटायची. म्हणजे सेल पुरता रिकामा होऊन येत होता.

"वाट संपेपर्यंत पुरते ना, बाबा?" मी विचारलं.

"पुरते की. उरते."

चौथ्या दिवशी ते लंगडत आले. पँट गुडघ्यावर फाटलेली, आत रक्त. "स्टेशनच्या पायऱ्यांवर घसरलो," म्हणाले. मी हळद लावली, सासूबाईंनी पट्टी बांधली. पायऱ्यांना चार शिव्या देऊन विषय संपला.

त्याच रविवारी मी बॅटरी पुन्हा उघडली. स्प्रिंगमधली वेणी दुहेरी केली, सगळे जोड घासून पक्के केले. आणि सोमवारपासून चमत्कार झाला. चार्जरचा दिवा अर्ध्या तासात हिरवा व्हायला लागला. सेल भरलेलाच परत येत होता! मला वाटलं, ही माझ्या दुहेरी वेणीची करामत. करंट वाया जात होता तो वाचला. मी नळापाशी, जिथे रेंज येते तिथे उभी राहून आईला धसईला फोन केला आणि चांगली वीस मिनिटं स्वतःची फुशारकी मारली. आईला त्यातलं काही कळलं नाही. ती मध्येमध्ये फक्त "बोल, बोल" म्हणत होती.

त्या बॅटरीची कीर्ती वाड्यात पसरली. लोक बंद पडलेले चार्जर, मिक्सर, पंखे घेऊन यायला लागले. ओट्यावर माझं छोटं दुकानच झालं. मी कामापुरतं बोलायची, हसायचीही कधीतरी. पण हळू आवाजात. पाहुण्याच्या घरी बोलतो तसं. एकदा एकीने दुरुस्त केलेला मिक्सर पाडून फोडला आणि मीच बिघडवला म्हणून ऐकवून गेली, तर मी मान खाली घालून पुन्हा उघडायला बसले. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि आत गेल्या. पूर्वीची मी असते तर त्या मिक्सरसकट तिला घरी पोचवून आले असते.

असे दोन महिने गेले. मग एका बुधवारी मी जेवण वाढून घेतलं, पहिला घास तोंडात घातला आणि चार्जरकडे पाहिलं तर दिवा हिरवा. मी घास तोंडात तसाच धरून बसले. उठून सेलला मीटर लावला. जवळजवळ सकाळी दिला होता तसाच.

मग जे गणित पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते मी दोन महिन्यांनी केलं. या सेलमध्ये अडीच अँपियर तासभर पुरतील एवढा साठा. पाच अँपियरने खर्च केला तर अर्धा तास, तोही सेल नवा असला तर. मी बॅटरीत घातलेला सेल तर जुन्या लॅपटॉपमधून काढलेला. वाट चाळीस मिनिटांची. कितीही वेण्या घाला, कोणाच्या बापाला ही बॅटरी घरापर्यंत पुरणार नव्हती. आणि सेल तर भरलेला. म्हणजे ती पेटतच नव्हती. वळण ते घर एवढी पाच-सात मिनिटं सोडली तर बाबा अंधारात चालत होते.

समोर बाबा खाली मान घालून जेवत होते. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ते म्हणाले असते, उरते की.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळताना सासूबाईंना "शेळीला पाला आनते" सांगून मी निघाले. वळण ओलांडलं आणि कातळाच्या उतरणीच्या पायथ्याशी एका ऐनाच्या बुंध्याला टेकून उभी राहिले. अंधार पडला. लांबून गाडीचा आवाज आला आणि गेला. मग बराच वेळ नुसता सागाच्या वाळक्या पानांचा आवाज. नंतर वर कातळाच्या टोकाशी एक निळसर ठिपका दिसला, काजव्याहून थोडा मोठा. बाबांच्या जुन्या बटणांच्या फोनला वरच्या बाजूला एक बारीक दिवा आहे, तो.

त्यांच्या हातात काठी होती. काठीने ते पुढची जागा ठोकत होते, पाय आपटत होते, म्हणजे काही असेल तर सरकावं. उतरणीशी आल्यावर त्यांनी फोन दातात धरला, काठी काखेत घेतली आणि खाली बसले. बसूनच, हाताने दगड चाचपत, एक एक करून ते कातळ उतरायला लागले. लहान मूल जिना उतरतं तसे. मला तोंडावर हात धरावा लागला.

खाली आल्यावर ते उठले. पँटचा मागचा भाग झाडला. माझ्यापासून दहा पावलांवरून पुढे गेले, मी त्यांना दिसले नाही. मी आवाज न करता मागे निघाले. वळणाशी थांबून त्यांनी फोन खिशात टाकला. डब्याच्या पिशवीतून बॅटरी काढली. ती रुमालात गुंडाळलेली होती. रुमालाने काच पुसली, बॅटरी आमच्या अंगणाच्या दिशेने धरली आणि पेटवली. सगळी झाडं उजळली. आणि मग त्यांनी झोत डावीकडे-उजवीकडे हलवला, माणूस चालत असला की हलतो तसा, हुबेहूब.

"बाबा!"

ते दचकून वळले. पाचच्या पाच अँपियर माझ्या डोळ्यांत आले.

"बंद करा ती!"

त्यांनी बंद केली. आम्ही दोघं काळोखात उभे राहिलो. आणि मग मी सुरू केलं. मला वाटतं खालच्या वाडीपर्यंत ऐकू गेलं असेल.

"किती दिवस चाललंय हे? गुडगा हितंच फुटला ना? पायऱ्यांवर नाय, हितं फुटला! फुरसा चावला आस्ता म्हंजे? कोनाला कळला आस्ता?"

"हळू गो, हळू."

"का हळू? का सांगितला नाय मला?"

"विजते गो ती," बाबा म्हणाले. "साकवाच्या फुडं आली की पिवली व्हते आनि विजते. निवली की वलनाशी परत जरा पेटायची. आनि तापते. हातात धरवत नाय."

"मंग सांगायचा! करंट कमी करता येतो, बाबा! ते वरचे तुकडे काढायचे, दोन मिन्टांचा काम हाय! दोन मिन्टांचा!"

"कमी पन करता येतो?" त्यांनी विचारलं. इतकं खरोखरचं आश्चर्य होतं त्या आवाजात. त्यांना वाटलं होतं की केलेलं एकदा केलं, ते मागे फिरवता येत नाही. ते चुकलं म्हणायचं म्हणजे सगळंच मोडायला सांगायचं.

"दोन महिने त्या कातळावर बूड घासत आलात," मी म्हणाले. मला रडू यायला लागलं होतं.

"बॅटरी पयल्यापासून चांगलीच व्हती," बाबा हळूच म्हणाले. "मला काय उजेड नको व्हता. चार महिने तू हात बांदून बसलेली. त्या दिवशी घरात सोल्डरचा वास आला, तुजी सासू चुलीपाशी बसून रडली. आता मी बोललो आस्तो विजते म्हनून, तर तू परत सगला पिशवीत भरून ठेवला आस्तास."

त्यावर माणसाने खरं तर पाया पडावं. पण माझ्या आत जे पावसाळ्यापासून अडकलं होतं ते नेमकं तेव्हाच वर आलं, आणि ते आलं रागाच्या रूपात, कारण मला दुसरं रूप येत नाही.

"माजा पोर गेला," मी ओरडले, "आनि या घरात कोन रडला पन नाय! एक शब्द नाय! मला वाटला माजा एकटीचाच गेला!"

बाबा एका दगडावर बसले. तोंड दिसत नव्हतं. ते म्हणाले, "रडलो की. या वाटंनी रोज रडत यायचो. घरात कसा रडायचा? तू समोर बसलेली आसायचीस."

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांचा हात धरला. तळव्याला कातळाने घट्टे पाडले होते. सून सासऱ्याच्या शेजारी अशी बसत नाही आमच्याकडे. आम्ही बसलो, आणि दोघांनी रडून घेतलं, एकमेकांना ऐकू येईल असं.

उठून घराकडे निघालो तरी माझा राग काही संपला नव्हता. बॅटरी मी हातात घेतली होती आणि वाटभर त्यांना बोलत होते. काठीवरून, फोन दातात धरण्यावरून, खोटं बोलण्यावरून. बाबा पुढे मान हलवत चालत होते. अंगणाच्या कडेला सासूबाई उभ्या होत्या. त्यांना लांबूनच आवाज गेला असणार. आम्ही जवळ आलो तर त्यांचे डोळे पाण्याने भरलेले आणि तोंड हसरं.

"भांड गो," त्या म्हणाल्या. "भांड त्याच्याशी."

मग पदराशी चाळा करत उभ्या राहिल्या. "माज्याशी पन भांड. तुज्यापासून लपवून ठेवलाय मी एक."

"काय?"

"टोपडा. बाळाला शिवत व्हते."

मी तोपर्यंत खूप बोलले होते. आता दोनच शब्द निघाले.

"दाखवा मला."

ट्रंक माळ्यावर होती. तिथे दिवा नाही. सासूबाई शिडीवर चढल्या आणि बाबांनी रुमालात धरून खालून बॅटरी मारली. लुगड्यांच्या तळातून एक लहानशी कापडी पुरचुंडी खाली आली. ती मी ओट्यावर बसून उघडली. टोपडं पिवळ्या कापडाचं होतं. कडेने लाल दोऱ्याचा टाका घातलेला होता, बारीक, एकसारखा, आणि डाव्या कानापाशी तो मध्येच थांबला होता. सुई अजून कापडात टोचलेली होती.